पुतळा आणि पाटी

वादग्रस्त ऐतिहासिक पुरुषांचे पुतळे चौकात असावेत की नसावेत, ही चर्चा बहुधा त्या पुरुषाच्या गुणदोषांच्या ताळेबंदापाशी येऊन थांबते. वस्तुतः पुतळा म्हणजे इतिहास नव्हे, ते वंदन आहे. म्हणून 'हा मनुष्य मोठा होता काय?' याबरोबरच 'हे वंदन कोणाच्या वतीने?' असेही विचारावयास हवे. आमच्या जोयडा तालुक्याला लागून असलेल्या गोव्याने या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणूनच अभ्यसनीय आहे.

पणजीच्या आझाद मैदानावरील मंडपात एके काळी आफोन्सो दि आल्बुकर्कचा पुतळा होता. १९६१ च्या मुक्तीनंतर तो तेथून हलला. आज तो मंडप स्वातंत्र्यसेनानी त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचे स्मारक आहे आणि आल्बुकर्कचा पुतळा जुन्या गोव्यातील पुरातत्त्व संग्रहालयात आहे. १९६० मध्ये जुन्या गोव्यात बसविलेला कामोंइश कवीचा पुतळाही १९८३ मध्ये तेथेच गेला. मात्र १९४५ मध्ये, म्हणजे पोर्तुगीज अमदानीतच उभारलेला कांदोळीच्या आबे फारियाचा पुतळा पणजीत आजही उभा आहे. तात्पर्य, गोवेकरांनी त्या राजवटीचे सारे अवशेष सरसकट पुसले नाहीत, त्यांनी निवड केली.

चौकातील पुतळा काढल्याने इतिहास नष्ट होतो, हा आक्षेप मला टिकाऊ वाटत नाही. मंडपातला आल्बुकर्क फक्त विजय सांगत होता. १५१० च्या नोव्हेंबरात गोवे घेतल्यावर तेथील मुसलमान रहिवाशांची, स्त्रिया व मुलांसह, जी कत्तल झाली, ती त्याने स्वतःच आपल्या राजाला पत्राने कळविली होती. पुतळ्याच्या दगडधातूत हे कोठून वाचावे? त्यासाठी संग्रहालयच हवे.

परंतु संग्रहालयात नेऊन आपले कर्तव्य संपत नाही. आमच्या शाळेची मुले घेऊन मी तेथे गेलो असता एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, इन्क्विझिशन यानेच आणले ना?" मला सांगावे लागले, की आल्बुकर्क १५१५ मध्ये वारला आणि इन्क्विझिशन गोव्यात १५६० मध्ये आले. दुसरा म्हणाला, "पण याला इथली वाट कोणी दाखवली?" या प्रश्नाचे उत्तर देणे अधिक अवघड होते. कारण आदिलशाहीच्या ताब्यातील गोव्यावर स्वारी करण्यास आल्बुकर्कला प्रवृत्त करणारा तिमय्या हा आमच्याच उत्तर कन्नड जिल्ह्यातील होनावरचा. स्वारीत त्याची माणसे होती आणि पहिल्या विजयानंतर महसुलाचा कारभारही काही काळ त्याच्याकडे आला.

परक्या विजेत्याचा पुतळा हलविणे त्या मानाने सोपे असते, आपल्या माणसाचा वाटा कबूल करणे कठीण. मी त्या मुलांना तिमय्याचे नाव आणि गाव सांगितले, तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली. माझ्या मते हलविलेल्या प्रत्येक पुतळ्याखालच्या पाटीवर त्याचे अपराध यावेत, न केलेले अपराध त्याच्या माथी मारले जाऊ नयेत आणि त्याला साह्य करणाऱ्या आपल्या माणसांची नावेही यावीत. तशी पाटी जेथे नसेल, तेथे ते काम आपण शिक्षकांनी करावयाचे आहे.