चार लिप्यांचे शहर आणि एक रिकामी चौकट

१/ सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चार भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आल्या आहेत. माग आणि गिरण्यांच्या ओढीने तेलुगू भाषक पद्मशाली विणकर येथे स्थिरावले. अक्कलकोटच्या बाजूस कन्नड सहज कानी पडते. मात्र २००१ नंतरच्या काही वर्षांत या शहरातील संगणकावर विंडोज एक्सपीची इंग्रजी आवृत्ती नव्याने बसवली, की चारपैकी एकही लिपी धड उमटत नसे. कुठे रिकाम्या चौकटी, कुठे सुटी सुटी अक्षरे.

२/ त्याआधीचा मार्ग हार्डवेअरचा होता. आयआयटी कानपूरमध्ये आकारास आलेले जिस्ट तंत्रज्ञान पुण्याच्या सी-डॅकने कार्डाच्या रूपात पुढे आणले. कार्ड खाचेत बसवले की डॉसमधील प्रोग्रामांत भारतीय लिप्या दिसू लागत. त्यामागची इस्की ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक ठरली. तिच्यात मराठी, तेलुगू, कन्नड ‘क’ यांचा संकेत एकच. लिपी बदलली की तेच नाव दुसऱ्या लिपीत हजर. सोलापूरसाठी याहून सोयीची कल्पना सुचणे कठीण!

३/ अर्थात त्या काळच्या कार्डांची दुखणीही होती. दोन कार्डांनी एकच पत्ता किंवा एकच इंटरप्ट मागितला, की यंत्र अडे. मग झाकण उघडून जंपर हलवायचे आणि पुन्हा सुरू करून पाहायचे.

४/ विंडोज आली आणि कार्डाची जागा फाँटांनी घेतली. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले हे फाँट. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. नव्या यंत्रावर तोच फाँट नसेल, तर मजकुराचा अगम्य इंग्रजी चिखल होई. काही पॅकेजांना पॅरलल पोर्टात लावायचे कुलूप असे. विंडोज ९८ वर निमूट चालणारे हे कुलूप एक्सपीवर सापडेनासे होई, कारण एक्सपी प्रोग्रामला पोर्टाशी थेट बोलू देत नसे. कुलपाचा ड्रायव्हर निराळा बसवावा लागे.

५/ युनिकोडने संकेतांचा गोंधळ मिटवला. विंडोज २००० मध्ये देवनागरी व तमिळ आल्या. एक्सपीत तेलुगूसाठी गौतमी, कन्नडसाठी तुंगा हे फाँट आले. पण ते सारे सीडीतच निजलेले! कंट्रोल पॅनेलमधील भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांसाठी एकच चौकट होती. ती टिचकी मारून भरली की चारही लिप्या एकदम जाग्या होत. तीही मूळ सीडी मागे, आणि असेंबल केलेल्या संगणकासोबत सीडी मिळेच असे नव्हते.

६/ रोगाचे निदान पडद्यावरच करता येई. चौकटी दिसल्या तर फाँट नाही. ‘गिरणी’ऐवजी ‘गरिणी’ वाचले गेले, तर फाँट आहे, पण अक्षरे जुळवणारा युनिस्क्राइब हा घटक जागा झालेला नाही. इंग्रजी चिखल दिसला, तर मजकूर युनिकोडचा नव्हेच. चौकट कितीही वेळा भरली तरी तो सुधारणार नाही. हा शेवटचा भेद न कळल्याने विंडोज पुन्हा पुन्हा बसवण्याचा खटाटोप निष्फळच ठरे.

७/ सारे जुळले तरी मराठीचे एक खास दुखणे उरे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक जेवणाच्या पंगतीइतका मोठा. पण साधा ‘र’ दाबला तर दोन्हीकडे रफारच येई. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह ‘र’ची कळ, मग हलन्त, मग ‘य’, असा त्याचा क्रम.

८/ २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टात लिप्या आरंभापासूनच जाग्या असत. ‘ॲ’ला मात्र युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. तोवर अनेकांनी हिंदी वळणाच्या ‘ऍ’वर भागवले. त्या वर्षांतल्या मराठी मजकुरात तो ‘ऍ’ आजही तसाच आहे, आणि ‘ॲ’ टाइप करून शोधणाऱ्यास तो सहसा सापडत नाही.