संकरित कोंबडीच्या अंड्यांचा हिशेब

वडीगोद्रीला आम्ही कोंबड्यांवर बोलणार हे कळताच एका स्नेह्याने विचारले, "कामगारांचा माणूस खुराड्याकडे कसा वळला?" उत्तर सोपे आहे. आमची हयात हजेरीपट आणि सरासऱ्या तपासण्यात गेली. आणि संकरित कोंबडीच्या इतिहासात खरा तंटा सरासरीचाच आहे.

गावठी कोंबडी थोडी अंडी घालते, मग खुडूक बसते, पिले काढते. घरच्या बाईला तिचा हिशेब तोंडपाठ असतो. संकरित कोंबडी मात्र आकडा मिरवीत आली. तो आकडा कसा ठरतो, ते पाहू.

१९११ साली अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात, स्टॉर्स येथे अंडी घालण्याची स्पर्धा सुरू झाली. घरट्याला झडपेचे दार असे. कोंबडी आत शिरली की ते पडे, आणि अंडे कोणाचे ते कळे. मोजणी चोख होती. पण कोंबड्या पाठवी पैदासकार, आणि तो आपल्या उत्तम तेवढ्याच पाठवी. गिऱ्हाइकाच्या पदरी मात्र सरसकट माल पडे.

१९३६ साली हेन्री वॉलेस यांनी मक्याच्या संकराची युक्ती कोंबड्यांना लावून धंदा उभारला. हेच गृहस्थ पुढे अमेरिकेचे उपाध्यक्ष झाले. संकराने अंडी वाढली, पण त्या कोंबडीच्या पिलांत तो गुण तसाच टिकत नाही. म्हणून पिले दर खेपेस विकतच घ्यावी लागतात, आणि विक्रेत्याचा आकडा खरा की खोटा हा प्रश्न पोटापाण्याचा होतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर त्यावर उपाय निघाला. परीक्षकांनी प्रत्येक पैदासकाराकडून अंडी सरसकट उचलायची, एकाच ठिकाणी उबवायची, सर्व पिलांना सारखेच खाद्य व निगा द्यायची आणि कोंबड्या ७२ आठवड्यांच्या होईपर्यंत मोजणी करायची. आपल्याकडे दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, १९५६ ते १९६१ मध्ये, सरकारने प्रादेशिक कुक्कुटपालन केंद्रे काढली. त्यांपैकी एक मुंबईच्या आरे दूधवसाहतीत होते. अशा सरसकट नमुन्याच्या चाचण्या पुढे मुंबईतही झाल्या.

आता खरी मेख पाहा. उदाहरणादाखल १०० तलंगा खुराड्यात घातल्या. वर्षाच्या मध्यावर २० मेल्या. एकूण अंडी १८,००० झाली. जिवंत कोंबड्यांची वर्षाची सरासरी ९०. तिने भागले तर दर कोंबडीमागे २०० अंडी. मुळात घातलेल्या १०० ने भागले तर १८०. शास्त्रज्ञ दोन्ही आकडे ठेवतात, आणि दोन्ही खरे आहेत. पहिला जिवंत कोंबडीची कुवत सांगतो. दुसरा पिलांसाठी मोजलेल्या पैशाचे काय झाले ते सांगतो. जाहिरातीला पहिलाच आवडतो. मेलेल्याचे नाव पटावरून कापले की सरासरी चढते, हे आम्ही माणसांच्या बाबतीतही पाहिले आहे.

वडीगोद्रीच्या अंगणात मानमोडी आहे, मुंगूस आहे, घार आहे. चाचणीच्या पिंजऱ्यात यांतले काहीच शिरू दिले जात नाही. म्हणून कोंबडी विकायला येणाऱ्याला आमच्या आयाबहिणींनी एवढेच विचारावे: "बाबा, अंडी किती ते सांगितलेस, आरंभी कोंबड्या किती होत्या, आणि अखेरीस किती उरल्या?"