केइको फुकुदा : पाऊण शतकाची ज्युदो साधना

केइको फुकुदा (१२ एप्रिल १९१३ – ९ फेब्रुवारी २०१३) या जपानमध्ये जन्मलेल्या ज्युदो प्रशिक्षक होत. ज्युदोतील दहावा दान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. हा मान त्यांना २०११ मध्ये, वयाच्या ९८व्या वर्षी मिळाला.

दान म्हणजे काय?

ज्युदोत काळा पट्टा हा शेवट नसून सुरुवात मानली जाते. त्यापुढील श्रेणींना 'दान' म्हणतात. पहिल्या ते पाचव्या दानापर्यंत काळा, सहाव्या ते आठव्यापर्यंत लाल-पांढरा आणि नवव्या-दहाव्यासाठी लाल पट्टा असतो. वरच्या श्रेणी केवळ सामने जिंकून मिळत नाहीत. सराव, अध्यापन आणि कलेची जाण यांचा त्यात विचार होतो, त्यामुळे त्यासाठी अनेक दशके जातात.

ज्युदोकडे कशा वळल्या?

केइको यांचे आजोबा हाचिनोसुके फुकुदा हे जुजुत्सूचे गुरू. ज्युदोचे जनक जिगोरो कानो तरुणपणी त्यांच्याकडे शिकले होते. या ऋणानुबंधातून कानो यांनी गुरूंच्या नातीला तोक्योतील कोदोकान या आपल्या संस्थेत बोलावले. १९३५ मध्ये त्या तेथील महिला विभागात दाखल झाल्या. त्यांची उंची पाच फुटांहूनही कमी होती. लग्न केले तर ज्युदो सोडावा लागणार होता, म्हणून त्या आयुष्यभर अविवाहित राहिल्या.

बढती का अडली?

कोदोकानमध्ये महिलांना वेगळे शिकवले जाई. त्यांच्या काळ्या पट्ट्यावर मधोमध पांढरी रेघ असे, आणि पाचव्या दानापुढे त्यांना बढती मिळत नसे. फुकुदा यांना पाचवा दान १९५३ मध्ये मिळाला. त्यानंतर जवळपास दोन दशके त्या त्याच श्रेणीत राहिल्या. त्यांचा सराव मात्र थांबला नाही. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये ज्युदोचा प्रथमच समावेश झाला, पण सामने फक्त पुरुषांचे होते. तेथे फुकुदा यांनी 'जु-नो-काता'चे प्रात्यक्षिक दाखवले. 'काता' म्हणजे जोडीदारासोबत ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली. जु-नो-कातामध्ये अशी १५ तंत्रे असून त्यांत जोडीदाराला प्रत्यक्ष आपटले जात नाही. तोल, वेळ आणि नियंत्रण यांना त्यात महत्त्व असते.

अमेरिकेतील कार्य

१९६६ मध्ये त्या पुन्हा अमेरिकेत गेल्या आणि तेथेच स्थायिक झाल्या. कॅलिफोर्नियातील मिल्स कॉलेजमध्ये त्यांनी ज्युदो शिकवला. सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी महिलांसाठी 'सोको जोशी ज्युदो क्लब' उभा केला. महिलांवरील मर्यादेविरुद्ध आवाज उठल्यानंतर १९७२ मध्ये कोदोकानने त्यांना सहावा दान दिला. हा दान मिळवणाऱ्या पहिल्या महिलांमध्ये त्यांचा समावेश होतो.

नववा आणि दहावा दान

२००६ मध्ये कोदोकानने त्यांना नववा दान दिला. दहावा दान मात्र अमेरिकेच्या ज्युदो संघटनेने दिला, कोदोकानने नव्हे. दरम्यान १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून महिलांच्या ज्युदोला पदकांचा खेळ म्हणून स्थान मिळाले होते. नव्वदी उलटल्यावरही फुकुदा क्लबमध्ये शिकवत असत. कानो यांच्या हयात असलेल्या शेवटच्या शिष्या म्हणून त्या ओळखल्या जात. वयाची शंभरी दोन महिन्यांवर असताना सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांचे निधन झाले.