परसातला पेरू कुठून आला?

मागच्या भागात आपण परसातल्या भाज्यांबद्दल बोललो. त्यानंतर बऱ्याच गटांकडून एकच मागणी आली, की आता फळझाडांबद्दल सांगा. पेरू लावायचा, डाळिंब लावायचं, आंबा लावायचा, पण रोप कसलं घ्यायचं आणि जगवायचं कसं? ते आम्ही सांगणारच आहोत. पण आधी थोडा इतिहास सांगतो, कारण आपल्या दारातल्या झाडाची हकीकत कळली की ते झाड कसं सांभाळायचं हेही निम्मं कळतं.

पहिला प्रश्न. सीताफळ कुठलं? आपण म्हणू, सीतामाईचं नाव आहे, म्हणजे आपलंच. पण तसं नाही. सीताफळ, रामफळ, पेरू, पपई, चिकू, काजू, अननस ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. समुद्रापलीकडून जहाजांतून ती आपल्याकडे आली, आणि त्यातली बरीचशी पोर्तुगीजांमुळे. पपई, काजू, अननस ही नावंही त्यांच्या भाषेतूनच आपल्याकडे आली. पेरू हा शब्द त्यांच्या ‘पेरा’ म्हणजे नाशपतीवरून आला, असं भाषेचे जाणकार सांगतात. आंबा, फणस, जांभूळ, बोर ही मात्र इथली जुनी घरची माणसं. आणि आंब्याचं कलम बांधायचा सराव गोव्यात पोर्तुगीजांनी वाढवला, त्यातूनच हापूस हे नाव आलं. म्हणजे आपलं परस बघा, निम्मं माहेरचं आणि निम्मं सासरहून आलेलं! पण आता कोण कुठलं हे ओळखू येत नाही, इतकी सगळी एक झाली आहेत.

आता पुण्यात येऊ. पुण्याच्या जागांची नावं ऐका. पेरूगेट, चिंचेची तालीम, आंबेगाव, जांभूळवाडी. हिराबाग, सारसबाग, तुळशीबाग, बेलबाग. आज तिथं गाड्या आणि दुकानं आहेत, पण नावांत झाडं आणि बागा शिल्लक राहिल्या. बागेला पाणी लागतं. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावापासून शहरापर्यंत जमिनीखालून नळ बांधून पाणी आणलं. ते पेठांमधल्या हौदांत पडायचं. ज्याच्या वाड्यात आड किंवा हौद, त्याच्या परसात केळ, पपई, अळू, अंजीर. जिथं पाणी नाही तिथं झाड नाही, आणि पाणी कुणाला मिळायचं हे जातीवर ठरायचं. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला, तो याच शहरात. फुल्यांचं मूळ आडनाव गोऱ्हे. घराण्यानं पेशव्यांना फुलं पुरवली, त्यावरून फुले हे नाव पडलं. बागेत राबणाऱ्या घरातला तो माणूस होता. पाणी अडवावं, बांधबंदिस्ती करावी, हे त्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पोटतिडकीनं सांगितलं. परसातल्या झाडाचा इतिहास म्हणजे आधी पाण्याचा इतिहास, हे आपण बायकांना वेगळं सांगायला नको. हंडा आपल्याच डोक्यावर असतो.

पुढं इंग्रज आले. खडकवासल्याचं धरण १८७० च्या दशकात बांधलं गेलं, कालवे निघाले आणि हडपसर-मांजरीकडे मळे फुलले. कॅम्पाकडची एम्प्रेस गार्डन आपल्यापैकी अनेकींनी फुलांच्या प्रदर्शनाच्या वेळी पाहिली असेल. ती बाग चालवणारी संस्था १८३० सालची आहे. पण आपली खरी गोष्ट आहे गणेशखिंडीतली.

गणेशखिंड म्हटलं की आपल्याला शाळेतला धडा आठवतो. १८९७ साल, प्लेगची साथ, चाफेकर बंधू आणि रँड. तो प्रसंग याच रस्त्यावर घडला. पण त्याच गणेशखिंडीत त्याच्याही आधीपासून, १८७३ पासून, एक सरकारी बाग होती. या बागेत जे घडलं त्याचा धडा कुठल्या पुस्तकात नाही, पण त्याचं फळ मात्र महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचलं.

डॉ. जी. एस. चीमा नावाचे फळझाडांचे शास्त्रज्ञ तिथं काम करायचे. उत्तरेकडच्या ‘अलाहाबाद सफेदा’ पेरूचं बी लखनौहून आलं होतं, त्याची रोपं तिथं वाढवली. आता पेरूचं बी लावलं की काय होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. एकाच पेरूच्या बियांची दहा रोपं केली, तरी दहा झाडं दहा तऱ्हांची. सख्ख्या बहिणी असतात तशी. एक गोरी, एक सावळी, एक शांत, एक तापट. चीमांनी त्या रोपांवर लक्ष ठेवलं आणि १९२७ साली त्यातलं एक झाड निवडलं. बुटकं, पसरट, भरपूर फळ देणारं. फळ मोठं, गर पांढरा आणि गोड. त्याचं नाव ठेवलं ‘लखनौ-४९’. आज आपण बाजारात किंवा रोपवाटिकेत ‘सरदार पेरू’ म्हणतो ना, तोच हा. नाव लखनौचं, पण झाड आपल्या पुण्याचं.

दुसरी गोष्ट डाळिंबाची. पुण्याजवळ आळंदी किंवा वडकी या नावानं ओळखलं जाणारं डाळिंब होतं. ही दोन्ही नावं वारीला जाणाऱ्या बायकांना पाठ आहेत. माउलींची पालखी आळंदीहून निघते आणि वडकीवरूनच दिवे घाट चढते. हे डाळिंब चवीला चांगलं, पण दाणा चावताना बी कडक. १९३६ साली चीमांनी त्या आळंदी डाळिंबातून मऊ बियांचं झाड निवडलं. गणेशखिंडीवरून त्याला पुढं ‘गणेश’ हे नाव मिळालं. दुष्काळी भागातल्या किती घरांना या गणेश डाळिंबानं उभं केलं! आज सगळीकडे दिसणारं लाल ‘भगवा’ डाळिंब, त्याच्या आईबापांतलं एक हेच गणेश.

आता यातून आपण काय घ्यायचं? चीमांनी नवीन झाड बनवलं नाही. त्यांनी पाहिलं, चाखलं, निवडलं आणि नोंद ठेवली. पाहणं, चाखणं, निवडणं हे तर आपण बायका पिढ्यान्‌पिढ्या करतो. कुठल्या झाडाचा आंबा लोणच्याला, कुठला पन्ह्याला, कुठला रसाला, हे आपल्या आज्यांना डोळे मिटून सांगता यायचं. कमी पडली ती नोंद. वही नव्हती, म्हणून त्यांचं नाव कुठल्या फळाला लागलं नाही.

आणि दुसरं कमी पडतं ते कलम. हे आम्ही आमच्या चुकीवरून सांगतो. आमच्या एका गटातल्या ताईंच्या अंगणात त्यांच्या आजेसासूबाईंनी लावलेला रायवळ आंबा होता. लहान फळ, चोखायचं, आणि वास असा की गल्लीत कळायचं आंबा उतरवलाय. शहर वाढत वाढत त्यांच्या दारापर्यंत आलं. जुनं घर पाडून इमारत बांधायचं ठरलं. आम्ही सगळ्या हळहळलो, बैठकीत त्यावर बोललोही, पण करायचं काय ते कुणाला सुचलं नाही. झाड पडल्यावर चार दिवसांनी आम्ही फांद्या आणून कलमं बांधायला बसलो. काड्या वाळलेल्या होत्या, एकही कलम जगलं नाही. कोया लावल्या होत्या, त्या उगवल्या. पण ती त्या झाडाची लेकरं, ते झाड नव्हे. कोयीतून आंबा तोच येईल याची खात्री नसते. शंभर वर्षांचं घरचं माणूस गेलं आणि आमच्याकडे आधी आठ दिवस होते, ते आम्ही वाया घालवले.

म्हणून आता पद्धत नीट ऐका. जुनं चांगलं झाड जाणार असं कळलं की ते उभं असतानाच काम करायचं. फळ देणाऱ्या फांदीची तीन-चार महिन्यांची निरोगी काडी निवडा. कापायच्या आठ-दहा दिवस आधी तिची पानं कापून टाका, देठ राहू द्या. म्हणजे डोळा फुगतो. मग काडी कापून ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि त्याच दिवशी कलम बांधा. आंब्याचं कोय कलम पावसाळ्यात करतात. कोय उगवून पंधरा दिवसांच्या आतलं, तांबूस पानांचं कोवळं रोप त्यासाठी लागतं. पेरू आणि डाळिंबाला पावसाळ्यात गुटी बांधता येते. फांदीची बोटभर साल गोल काढायची, तिथं ओलं शेवाळ लावून प्लॅस्टिकनं घट्ट बांधायचं, मुळ्या दिसल्या की खालून कापून लावायचं. हात बसेपर्यंत दहातली पाच जगली तरी खूप झालं. आणि शहराच्या हद्दीत झाड तोडायला परवानगी लागते, १९७५ पासून तसा कायदा आहे. ती परवानगी यायला लागणारे दिवस कलमासाठी वापरा.

रोप विकत घेताना जोड बघा. कलमी म्हणून दिलेल्या रोपाला जोडच नसेल, तर ते बियाचं रोप असू शकतं. गुटीच्या रोपाला जोड नसतो, म्हणून तसं स्पष्ट विचारून घ्या. लावताना जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. जोडाखालून फुटवा आला की लगेच काढायचा. तो गावठी मुळाचा असतो, सोडला तर तोच जोमानं वाढतो आणि वरचं कलम मरतं. मग आपण म्हणतो, झाडाचा गुण बदलला.

खड्डा दोन फूट लांब, रुंद आणि खोल. उन्हाळ्यात खणून तापू द्या, मग माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत भरा. पपई लावायची तर पाणी तुंबणार नाही अशा उंचवट्यावर लावा, नाहीतर बुंधा सडतो. एका जागी दोन-तीन रोपं लावा, फूल आलं की नर झाड ओळखून काढा. पेरू दरवर्षी थोडा छाटा, हाताला येईल इतकाच ठेवा.

मोरीच्या पाण्याचंही सांगतो. जुन्या परसात केळ मोरीशीच असायची. पण तेव्हा भांडी राखेनं घासायची. आता त्या पाण्यात साबण असतो. म्हणून तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी वेगळ्या बादलीत धरा आणि तेच झाडाला घाला. आज्जीचं शहाणपण घ्यायचं, पण काळ बघून घ्यायचं.

शेवटची गोष्ट हक्काची. १९९० साली महाराष्ट्रात रोजगार हमीला जोडून फळबाग योजना आली. लाखो झाडं लागली. खड्डे खणायला, पाणी घालायला बाया होत्या. पण अनुदान जमीन ज्याच्या नावावर त्याला. सातबाऱ्यावर बाईचं नाव किती घरांत असतं, हे तुम्हीच सांगा. म्हणून आम्ही म्हणतो, शेत नसेल नावावर, तर निदान परसातल्या झाडापासून सुरुवात करा. घराच्या उताऱ्यावर दोघांचं नाव आहे का ते बघा. आणि झाडाच्या फळाचे पैसे आले की ते आपल्या बचतीच्या वहीत आपल्या नावासमोर लिहा.

बचतीच्या वहीबरोबर आता प्रत्येक गटानं झाडांची एक वही सुरू करावी. कुणाच्या दारात कुठलं झाड, कुणी लावलं, फळ कधी येतं, चव कशी, बी आहे की कलम. म्हाताऱ्या बायकांना विचारून लिहा, आणि त्यांचं नाव नक्की लिहा. गणेशखिंडीची बाग २०२० साली राज्य सरकारनं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. तिथली जुनी झाडं जपायला सरकार आहे. आपल्या परसातल्या झाडाला आपणच आहोत.

पावसाळा जवळ आलाय. येत्या बैठकीत हप्ता गोळा झाला की वही उघडा, आणि पहिलं झाड लिहा.