सार्वकालिक शिक्षा आणि देवाची दया : व्हिक्टोरियन इंग्लंडमधील वाद

मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायाच्या शेवटच्या वचनात नीतिमानांचे सार्वकालिक जीवन आणि इतरांची सार्वकालिक शिक्षा यांचा उल्लेख एकत्र येतो. त्यामुळे शिक्षेला अंत मानल्यास जीवनालाही तो मानावा लागेल, हा ऑगस्टीनचा पाचव्या शतकातील युक्तिवाद पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्मशास्त्रात दीर्घकाळ निर्णायक ठरला. इंग्लंडच्या चर्चने १५५३ मध्ये आपल्या धर्मसिद्धान्तांची बेचाळीस कलमे निश्चित केली, तेव्हा अखेरीस सर्वांचेच तारण होईल या मताचा त्यांत निषेध होता. परंतु १५६३ च्या फेररचनेत ते कलम वगळले गेले, आणि या मौनाला पुढे तीनशे वर्षांनी मोठे महत्त्व आले.

लंडनच्या किंग्ज कॉलेजातील धर्मशास्त्राचे प्राध्यापक फ्रेडरिक डेनिसन मॉरिस यांनी १८५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधसंग्रहाच्या अखेरच्या निबंधात या प्रश्नाला हात घातला. देवाला ओळखणे हेच सार्वकालिक जीवन, असे योहानाचे शुभवर्तमान सांगत असेल, तर सार्वकालिक मरण म्हणजे देवापासूनचा दुरावा होय आणि त्याला वर्षांची गणना लावता येत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. सर्वांचे तारण निश्चित आहे असे मॉरिस यांनी कोठेही म्हटले नाही. मरणाच्या खाईपेक्षा देवाची प्रीती अधिक खोल आहे, एवढ्यावरच ते ठाम राहिले, आणि या संपूर्ण वादातील सर्वांत प्रामाणिक भूमिका हीच म्हणावी लागेल, कारण तीत पापाचे गांभीर्य कमी होत नाही आणि देवाच्या दयेला मर्यादाही घातली जात नाही. हे विचार विद्यार्थ्यांची मने अस्थिर करतील असे ठरवून कॉलेजच्या नियामक मंडळाने त्याच वर्षी त्यांना पदावरून दूर केले. निर्णयापूर्वी धर्मशास्त्रज्ञांचे मत घ्यावे ही मंडळाचे सदस्य ग्लॅडस्टन यांची सूचनाही मान्य झाली नाही.

पुढे १८६० मधील एका गाजलेल्या निबंधसंग्रहात एच. बी. विल्सन या धर्मगुरूंनी अखेरीस सर्वांचे तारण होईल अशी आशा व्यक्त केली, तेव्हा चर्चच्या न्यायालयाने त्यांना एक वर्षासाठी निलंबित केले. मात्र अपिलाचे सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीने १८६४ मध्ये ती शिक्षा रद्द केली, कारण अशी आशा बाळगण्यास चर्चच्या कलमांत मनाई नव्हती. त्याच वर्षी सुमारे अकरा हजार धर्मगुरूंनी सार्वकालिक शिक्षेवरील विश्वासाच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्या सह्यांमागे केवळ कर्मठपणा पाहणे अन्यायाचे होईल. नरकाची भीती नाहीशी झाली तर नीतीचा आधारच जाईल, ही त्यांच्यापैकी अनेकांची खरी चिंता होती.

मॉरिस यांचे विद्यार्थी फ्रेडरिक विल्यम फॅरर यांनी हा विषय सामान्य भाविकांपर्यंत नेला. मुंबईत १८३१ मध्ये एका मिशनऱ्याच्या घरी जन्मलेल्या फॅरर यांनी १८७७ च्या अखेरीस वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत दिलेली प्रवचने पुढील वर्षी पुस्तकरूपाने निघाली. मृत्यूच्या क्षणी प्रत्येक आत्म्याचे भवितव्य कायमचे ठरते आणि बहुसंख्य माणसे नरकातच जातात, या प्रचलित समजुतींना त्यांनी विरोध केला. ऑक्सफर्डचे परंपरानिष्ठ विद्वान एडवर्ड प्युझी यांनी १८८० मध्ये त्यांना सविस्तर उत्तर देऊन सार्वकालिक शिक्षेच्या सिद्धान्ताचे समर्थन केले. तथापि बहुसंख्यांचा नाश होतो हे मत चर्चच्या श्रद्धेचा भाग नाही, असे त्यांनीही मान्य केले, आणि १८८१ च्या आपल्या प्रत्युत्तरात फॅरर यांनी दोघांमधील या सहमतीची आनंदाने नोंद घेतली.