नौकेची कांती

कोकणातल्या किंवा गोव्यातल्या धक्क्यांवर आज लाकडी होड्यांच्या शेजारी फायबरच्या होड्याही नांगरलेल्या दिसतात. नवी फायबरची होडी आरशासारखी चकाकते. काही वर्षे उन्हात काढली की तीच होडी पिठूळ दिसू लागते. तिच्यावरून बोट फिरवले तर खडूसारखी भुकटी बोटाला लागते. मग तिला घासून, पॉलिश करून पुन्हा चमक आणतात. येथे एक साधा प्रश्न पडतो. ही परत आलेली चमक येते कोठून? वरून काही लावल्यामुळे, की वरचे काही काढून टाकल्यामुळे? पॉलिश म्हणजे नेमके काय, हा विज्ञानाच्या इतिहासात सुमारे अडीचशे वर्षे वादाचा विषय होता. होडीच्या मालकाला मात्र या वादाचा निकाल ठाऊक असणे फार गरजेचे आहे. का, ते या लेखात पाहू.

झिजून राखणारे कवच

नौकेच्या बाह्यांगाला पाणी, ऊन, खार आणि समुद्री जीव या चौघांशी एकाच वेळी सामना करावा लागतो. लाकडी होडीवर आपल्या किनाऱ्यावरचा जुना उपाय तेलाचा होता. माशांचे तेल, राळ, काजूच्या टरफलांचे तेल असे पदार्थ लाकडात मुरवले जात. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेपूर्वी त्यांची डागडुजी करून पुन्हा तेलपाणी करायचे, हा वार्षिक क्रम होता. तेलाचा थर वर्षभरात झिजे आणि दर वर्षी नवा चढे. तो झिजतो याबद्दल कोणाची तक्रार नव्हती, कारण झिजण्यासाठीच तो लावलेला असे.

युरोपातील आरमारांनी दुसरा मार्ग धरला. इ.स. १७६१ मध्ये ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पातळ पत्रे ठोकले. तिला वेस्ट इंडीजच्या उष्ण पाण्यात पाठवण्यात आले. नंतर तपासणी केली तेव्हा तांब्याखालचे लाकूड किड्यांपासून सुरक्षित होते. परंतु लोखंडी खिळे मात्र पार गंजून गेले होते. काही ठिकाणी पत्र्याखालचा तपकिरी कागद तसाच राहिला होता. तेथील खिळे तेवढे शाबूत होते. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना टेकले की विद्युतघट तयार होतो, ही गोष्ट तोपर्यंत कोणाला माहीत नव्हती. व्होल्टाचा विद्युतघट यायला अजून जवळजवळ चाळीस वर्षे होती.

पुढे तांबेही समुद्राच्या पाण्यात हळूहळू विरघळते, म्हणून नौदलाने हम्फ्री डेव्हीचा सल्ला घेतला. १८२४ मध्ये डेव्हीने तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे छोटे तुकडे जोडण्याचा उपाय सुचवला. हे तुकडे स्वतः गंजतात आणि तांबे वाचते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने प्रयोग पूर्ण यशस्वी झाला. पण न झिजणाऱ्या त्या तांब्यावर शेवाळ आणि बार्नेकल नावाचे कवचधारी जीव भराभर वाढू लागले, आणि जहाजांचा वेग घटला. तांबे विरघळत होते, म्हणूनच तर त्याच्या विषारी क्षारांमुळे हे जीव दूर राहत होते! उपाय लवकरच मागे घ्यावा लागला. कवच नौकेला राखते ते स्वतः खर्ची पडून, हा धडा त्यातून मिळाला.

बाहेरून आत

विसाव्या शतकात मात्र न झिजणारे कवच सापडले, असे काही काळ वाटले. १९३० च्या दशकात अमेरिकेत दोन शोध जवळजवळ एकाच वेळी लागले. एक म्हणजे काचेचे बारीक तंतू मोठ्या प्रमाणावर काढण्याची रीत. दुसरा, कार्लटन एलिस या रसायनतज्ज्ञाने तयार केलेली असंपृक्त पॉलिएस्टर रेझिने. काचतंतूंमुळे ताण सोसण्याची ताकद येते, तर रेझीन त्यांना एकत्र बांधून आकार टिकवते. मातीत भुसा किंवा काथ्या घालण्यामागे जे तत्त्व आहे, तेच येथेही आहे. ओहायो राज्यातील टोलेडो शहरात रे ग्रीन यांनी १९४२ च्या सुमारास या मिश्रणाची छोटी शिडाची होडी बनवली. १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या नौका-प्रदर्शनात ‘ट्रायटन’ ही २८ फुटी शिडाची नौका मांडली गेली आणि मध्यमवर्गीयांच्या आवाक्यातील फायबरच्या नौकांचे युग सुरू झाले. त्यांतील अनेक नौका आजही पाण्यावर आहेत. आपल्याकडे गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली आणि २०१७ मध्ये नौदलात दाखल झालेली ‘तारिणी’ ही शिडाची नौकाही काचतंतूंच्या कवचाचीच आहे. त्याच वर्षी सहा महिला अधिकारी तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या आणि मे २०१८ मध्ये गोव्यात परतल्या.

फायबरची नौका बांधण्याची रीत लाकडी नौकेच्या नेमकी उलट आहे. प्लास्टरच्या गणपतीचा साचा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ती चटकन कळेल. साच्याच्या आतल्या बाजूला जो थर प्रथम बसतो, तो मूर्तीचा सर्वांत बाहेरचा भाग ठरतो. नौकेच्या साच्याची आतली बाजू आधी आरशासारखी गुळगुळीत करतात आणि तिला मेण लावतात. त्यावर पहिल्यांदा रंगीत रेझिनचा, काचतंतू नसलेला, सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा थर देतात. यालाच जेलकोट म्हणतात. त्यामागून काचतंतूंचे आणि रेझिनचे थर एकावर एक चढतात. साच्यातून काढलेली नवी नौका चमकते, ती साच्याच्या गुळगुळीतपणाची नक्कल असते. तिच्यावर कोणी वॉर्निश लावलेले नसते.

येथेच लाकडी होडीशी असलेला मोठा फरक ध्यानात घ्यावा. तेलाचा थर दर वर्षी बाहेरून देता येतो. जेलकोट मात्र बांधणीच्या वेळी एकदाच, सर्वांच्या आधी दिला जातो. नौकेला जन्मतः मिळालेली ही अर्ध्या मिलिमीटरची पुंजी आहे.

ऊन आणि पाणी

फायबरला देखभाल लागत नाही, अशी समजूत सुरुवातीला बरीच पसरली होती. लाकडाप्रमाणे ते कुजत नाही आणि लोखंडाप्रमाणे गंजत नाही हे खरे. पण जेलकोटलाही शत्रू आहेत. पहिला शत्रू म्हणजे ऊन. ३४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणांत दर मोलमागे सुमारे ३५० किलोज्यूल ऊर्जा असते. कार्बन-कार्बन बंध तोडण्यासाठी जवळपास एवढीच ऊर्जा लागते. हिरव्या प्रकाशात ती २२० किलोज्यूलच्या आसपास, म्हणजे अपुरी असते. वर्षानुवर्षे अतिनील किरण पडत राहिले की पृष्ठभागावरील रेझिनच्या साखळ्या तुटतात. रेझिनने धरून ठेवलेले रंगद्रव्याचे कण मोकळे होतात. बोटाला लागणारी भुकटी ती हीच.

दुसरा शत्रू पाणी. पॉलिएस्टर हे आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगातून, पाणी बाहेर पडून बनते. उलट दिशेने पाणी ते सावकाश तोडूही शकते. पाण्याचे रेणू जेलकोटमधून अगदी मंद गतीने आत झिरपतात. आत विरघळणारे पदार्थ सापडले की तेथे तर्षणाने पाणी ओढले जाते, दाब वाढतो आणि फोड येतात. पाण्यात टाकलेला मनुका फुगतो तसाच हा प्रकार आहे. म्हणूनच खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात फोड जास्त येतात. फोडातल्या द्रवाला अनेकदा व्हिनेगरसारखा वास येतो. १९८० च्या दशकात हा प्रश्न इतका गाजला, की अमेरिकी तटरक्षक दलासाठी ऱ्होड आयलंड विद्यापीठात त्याच्या कारणांचा अभ्यास करण्यात आला. आतील थरांचे रक्षण जेलकोटच्या जाडीवर अवलंबून असते, हे यावरून लक्षात येईल.

न्यूटन की बेल्बी?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. पिठूळ झालेला पृष्ठभाग चमकत नाही, कारण त्याच्या खाचाखोचांवरून प्रकाश वाटेल त्या दिशांना विखुरतो. खाचा प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने पुरेशा लहान झाल्या, की प्रकाश एकाच दिशेने परावर्तित होतो आणि चमक दिसते. समोरून पाहताना यासाठी खाचांची उंची तरंगलांबीच्या आठव्या भागाहून, म्हणजे सुमारे ७० नॅनोमीटरहून कमी असावी लागते.

पॉलिश केल्याने खाचा लहान होतात, पण कशा? न्यूटनने १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’ ग्रंथात उत्तर दिले होते. पॉलिशची पूड कितीही बारीक असली तरी ती काचेला ओरखडेच काढते. फक्त हे ओरखडे उत्तरोत्तर इतके बारीक होत जातात की डोळ्यांना दिसेनासे होतात. म्हणजे न्यूटनच्या मते पॉलिश ही झीजच होती.

विसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटिश रसायनतज्ज्ञ जॉर्ज बेल्बी यांनी याला हरकत घेतली. चकचकीत केलेल्या धातूचा वरचा थर आम्लाने खाऊन काढल्यावर त्यांना खाली जुने ओरखडे पुन्हा दिसले. यावरून त्यांनी असे मांडले, की पॉलिश करताना वरचा पदार्थ क्षणभर द्रवासारखा वाहतो आणि खड्डे बुजवतो. १९३७ मध्ये बौडेन आणि ह्यूज यांनी या मताला बळ देणारे प्रयोग केले. पॉलिशच्या पुडीच्या कठीणपणापेक्षा तिचा वितळबिंदू महत्त्वाचा, असे त्यांना आढळले. आपल्या देवघरातला मऊ कापूरसुद्धा वुडच्या मिश्रधातूला चमक आणू शकतो! कारण कापूर सुमारे १७८ अंश सेल्सिअसला वितळतो आणि हा मिश्रधातू ७० अंशांच्या आसपासच. मात्र त्याहून जास्त तापमानाला वितळणाऱ्या कथलावर कापराचा परिणाम होत नाही.

पण वाद येथे मिटला नाही. १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील धातुतज्ज्ञ सॅम्युएल्स यांनी पॉलिश केलेल्या धातूंचे तिरके छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. नेहमीच्या पॉलिशमध्येही बारीक कण धातूचे सूक्ष्म छिलके काढतात, असे त्यांनी दाखवले. बेल्बींना दिसलेले जुने ओरखडे म्हणजे खोलवर दुखावलेल्या धातूच्या खुणा होत्या. त्या बुजलेल्या खाचा नव्हत्या. धातूंपुरता तरी न्यूटनच्या बाजूने कौल पडला.

जेलकोटच्या बाबतीत तर शंकेला फारशी जागाच नाही. त्याच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना आडव्या बंधांनी जोडलेल्या असतात. असे प्लास्टिक तापवले तर ते वितळत नाही, करपते. वाहून खड्डे बुजवणे त्याला शक्यच नाही. बेल्बी बरोबर असते, तर होडी कितीही वेळा फुकट चमकवता आली असती. न्यूटन बरोबर आहे, म्हणून प्रत्येक पॉलिशची किंमत त्या अर्ध्या मिलिमीटरमधून वसूल होते.

घासण्याचे गणित

जाणकार कारागीर म्हणूनच आधी सौम्य उपाय करून पाहतो. प्रथम होडी साबणाने धुऊन मीठ आणि रेती घालवतात, नाहीतर तीच रेती नवे ओरखडे काढते. पिठूळपणा थोडा असेल तर नुसते बारीक पॉलिशिंग कंपाउंड पुरते. तेवढ्याने भागले नाही, तरच पाण्याचा पॉलिश पेपर हाती घेतात. ४०० नंबरच्या पेपरचे कण सुमारे ३५ मायक्रोमीटरचे, १२०० चे १५ आणि २००० चे १० मायक्रोमीटरचे असतात. जेलकोट मुळात ५०० मायक्रोमीटर जाड आहे, हे आठवले की जाडाभरडा पेपर का टाळायचा ते कळते. प्रत्येक टप्प्यावर घासण्याची दिशा बदलतात. आधीच्या नंबरचे आडवे ओरखडे पूर्ण गेले, की थांबायचे. यंत्राचे बफ एका जागी धरून ठेवले तर उष्णतेने जेलकोट करपतो.

ओरखडा खोल असेल तर आजूबाजूचे सगळे त्याच्या पातळीला घासून आणणे म्हणजे पुंजी उधळणे होय. तेथे तो ओरखडा नव्या जेलकोटने भरतात. हवेतील ऑक्सिजनमुळे रेझिनची जोडणी अडते आणि पृष्ठभाग चिकट राहतो, म्हणून त्यात थोडे मेण मिसळतात किंवा वरून प्लास्टिकचा कागद चिकटवतात. घट्ट झाल्यावर तेवढीच जागा घासून समपातळीत आणतात.

शेवटी मेण. ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळणारे कार्नौबा मेण यासाठी प्रसिद्ध आहे. गंमत म्हणजे या झाडाच्या प्रजातीला कोपर्निकसच्या नावावरून ‘कोपर्निशिया’ असे नाव दिले आहे. मेण उरलेल्या सूक्ष्म खाचा भरते आणि पाणी, धूळ यांना थोपवते. काही महिन्यांत ते झिजते आणि पुन्हा लावता येते. थोडक्यात, जुन्या तेलाच्या थराचेच काम ते करते. जेलकोटऐवजी मेण झिजू देणे, हाच सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. घासून घासून जेलकोट पातळ झाला आणि आतले काचतंतू दिसू लागले, तर पॉलिशचा मार्ग संपतो. मग दोन भागांच्या पॉलियुरेथेन रंगाचा खर्च करावा लागतो. पाण्याखालच्या भागाला तर वेगळाच रंग देतात, आणि त्यात बहुधा आजही तांब्याचे संयुग असते!

वर्गात करून पाहा

धूळ बसलेल्या दगडी पाटीवर अर्ध्या भागात पाणी फिरवा. ओला भाग काळाभोर आणि चकचकीत दिसेल. वाळला की पुन्हा राखाडी होईल. पाण्याने खाचा फक्त भरल्या. मेणही तेच करते.

आता एका भंगलेल्या प्लास्टिकच्या बादलीचा सपाट तुकडा घ्या. तो ४०० नंबरच्या ओल्या पेपरने घासा. मग ८००, १२०० आणि २००० असे क्रमाने दिशा बदलत जा आणि शेवटी दंतमंजनाच्या पेस्टने घासा. प्रत्येक टप्प्यानंतर तुकड्याचे खिडकीतील प्रतिबिंब समोरून आणि अगदी तिरके धरून पाहायला विद्यार्थ्यांना सांगा. तिरके पाहताना चमक बरीच आधी का दिसू लागते, याचे उत्तर त्यांना शोधू द्या. प्रत्येक पेपर वापरल्यावर उरलेले गढूळ पाणी मात्र फेकू नका. ते वेगवेगळ्या वाट्यांत वाळवून ठेवा. तुकड्यावर चमक आली ती काय गमावून, हे त्या वाट्यांच्या तळाशी दिसेल.