सी भाषेतील कालबाह्य प्रयोग आणि कंपायलरचे इशारे

एखादा प्रयोग व्याकरणाने कालबाह्य ठरविणे आणि तो व्यवहारातून नाहीसा होणे, या दोन घटनांत पुष्कळदा मोठे अंतर असते. मानवी भाषांत हे अंतर मोजणे कठीण; सी या संगणकभाषेच्या इतिहासात मात्र ते वर्षांनिशी सांगता येते.

डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत घडविलेल्या या भाषेचे वर्णन १९७८ साली कर्निघन व रिची यांच्या ग्रंथात आले. त्या काळी फंक्शनच्या घोषणेत त्यास द्यावयाच्या मूल्यांचे प्रकार नमूद करीत नसत. त्यामुळे चुकीच्या प्रकारचे मूल्य दिले तरी कंपायलर सहसा मौन पाळी. असे दोष हुडकण्याचे काम स्टीफन जॉन्सन यांच्या 'लिंट' या स्वतंत्र प्रोग्रॅमकडे असे. १९८९ च्या अमेरिकन प्रमाणकाने प्रोटोटाइप, म्हणजे मूल्यांचे प्रकार सांगणारी घोषणा, सी++ या भाषेवरून स्वीकारली. जुनी पद्धत मात्र रद्द न करता केवळ मावळती ठरविली.

यातून प्रोग्रॅमकारांपुढे पेच उभा राहिला. नवी घोषणा जुन्या कंपायलरला कळेना, आणि जुनी ठेवावी तर नव्याच्या तपासणीचा लाभ मिळेना. झेडलिब या संग्रहाने यावर 'ओएफ' नावाच्या मॅक्रोचा तोडगा योजिला होता. नव्या कंपायलरपुढे तो प्रकारांची यादी जशीच्या तशी ठेवी. जुन्यापुढे रिकामा कंस मांडी. फंक्शनच्या व्याख्या मात्र जुन्याच धाटणीच्या राहिल्या. त्या २०२३ च्या १.३ या आवृत्तीत गेल्या.

घोषणेवाचून फंक्शन वापरण्याची सवलत १९९९ च्या प्रमाणकाने काढून घेतली. तरीही जीसीसी हा कंपायलर २०२४ च्या १४ व्या आवृत्तीपर्यंत अशा प्रयोगास सामान्यतः इशारा देऊन पुढे जाई. ही सहिष्णुता निरुपद्रवी नव्हती. अघोषित फंक्शनचे फलित 'इंट' गृहीत धरले जाई. जेथे इंट ३२ बिटांचा व पत्ता ६४ बिटांचा, तेथे पत्त्याचा अर्धा भाग गळून पडण्याचा संभव असे.

परंतु कठोरतेलाही मोल द्यावे लागले. यंत्रात अमुक सोय आहे काय, हे पाहण्यासाठी कॉन्फिगर स्क्रिप्ट लहानसा प्रोग्रॅम कंपाइल करून बघते. तो प्रोग्रॅमच जुन्या धाटणीचा असला, तर कंपायलर त्यास नाकारतो आणि स्क्रिप्ट 'सोय नाही' असा निष्कर्ष काढते. नकार व्याकरणाचा, अर्थ लागतो वस्तुस्थितीचा!

२०२४ साली प्रसिद्ध झालेल्या सी२३ प्रमाणकाने जुन्या व्याख्या अखेर वगळल्या. मावळती ठरविल्यापासून पस्तीस वर्षे लोटली होती. या इतिहासावरून इतके निश्चित म्हणता येईल, की इशारा ही परवानगी व निषेध यांमधील अवस्था होय. वाचणाऱ्याने तिची दखल घेतली नाही, तर ती व्यवहारात परवानगीच ठरते.